रक्तवाहिन्या शिवणारे हात

फ्रान्समधील लिऑन हे शहर कित्येक शतके रेशमासाठी प्रसिद्ध होते. तेथील मागांची, भरतकामाची आणि रेशीम व्यापाऱ्यांच्या पेढ्यांची कीर्ती साऱ्या युरोपात पसरलेली होती. या शहराला लागून असलेल्या एका उपनगरात, कापडाचा व्यवसाय करणाऱ्या कॅथलिक कुटुंबात २८ जून १८७३ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव मारी-जोसेफ-ऑग्युस्त असे ठेवण्यात आले. तो पाच वर्षांचा असतानाच वडील वारले आणि पुढे त्याने वडिलांचेच नाव धारण केले. वैद्यकाचा इतिहास त्याला अ‍ॅलेक्सिस कॅरेल या नावाने ओळखतो.

आईने मुलाला जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत घातले. तेथून तो लिऑन विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. २४ जून १८९४ रोजी, त्याला एकविसावे वर्ष पूर्ण होण्यास चार दिवस उरले असताना, फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो लिऑनच्या भेटीवर आले होते. मेजवानी आटोपून ते घोडागाडीतून निघाले असता कासेरिओ या इटालियन अराजकवाद्याने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. शहरातील नामांकित शल्यविशारद धावून आले, त्यांनी पोट उघडले. परंतु रक्तस्राव थांबेना आणि मध्यरात्र उलटल्यानंतर अध्यक्षांचे निधन झाले. कापलेली रक्तवाहिनी बांधून टाकणे त्या काळच्या शल्यचिकित्सेला ठाऊक होते. ती शिवून पुन्हा वाहती करणे मात्र तिच्या आवाक्याबाहेर होते. जी वाहिनी बांधून टाकली तर रुग्ण दगावणार, तिच्यापुढे डॉक्टर हात बांधून उभे राहत. या घटनेनेच कॅरेल यांच्या आयुष्याची दिशा ठरली, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. नंतर मोठ्या झालेल्या माणसांच्या चरित्रात अशा घटनांना थोडी झळाळी चढतेच. तरीही कॅरेल यांनी त्यानंतरच्या काळात याच प्रश्नाला हात घातला, हे खरे.

प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. रक्तवाहिनी ही काही कापडाची नळी नव्हे. तिच्या आतले अस्तर अत्यंत गुळगुळीत असते आणि त्या गुळगुळीतपणावरच रक्ताचे वाहणे अवलंबून असते. अस्तराला जरा खरचटले, टाक्याचा दोरा आत डोकावला किंवा शिलाईच्या जागी वाहिनी आवळली गेली, की तेथे रक्त साकळते आणि गुठळी मार्ग बंद करते. लिऑनमध्येच मॅथ्यू जाबुले हे शल्यविशारद या विषयावर प्रयोग करीत होते. त्या काळी वापरात असलेल्या जाड सुया आणि दोरे यांनी हे काम होणार नाही, हे कॅरेल यांच्या लक्षात आले.

मग हा तरुण डॉक्टर शिकवणीला गेला तो एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे. मादाम लरुदिए या लिऑनमधील नामवंत भरतकाम-कलावती. त्यांच्याकडे कॅरेल बारीक सुईने रेशमाचे टाके घालण्यास शिकले. कागदावर टाके घालून ते दोन्ही बाजूंनी दिसू नयेत इतकी सफाई त्यांनी मिळवली, असे म्हणतात. अतिशय बारीक सुया, त्यात ओवलेला रेशमाचा तलम धागा आणि त्या धाग्याला व्हॅसलिनचा हात, ही त्यांची सामग्री. व्हॅसलिनमुळे धागा ऊतीतून ओरखडा न काढता सरके आणि सुईने पडलेले छिद्रही बुजून जाई.

१९०२ साली त्यांनी आपली पद्धत लिऑनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: वर्तुळाचा त्रिकोण करायचा. कापलेल्या दोन वाहिन्यांची तोंडे समोरासमोर आणून त्यांच्या परिघावर समान अंतरावर तीन टाके घालायचे आणि ते हलकेच ताणून धरायचे. गोल, लिबलिबीत तोंड क्षणात तीन सरळ कडांचे होते. सरळ कड शिवणे गोल कड शिवण्यापेक्षा कितीतरी सोपे. शिवाय मागची भिंत चुकून पुढच्या टाक्यात अडकण्याचा धोका उरत नाही. बाहीच्या तोंडाला पट्टी लावणाऱ्या कुणाही शिंप्याला यातील सोय पटेल.

एवढे यश मिळूनही लिऑनने त्यांना जवळ केले नाही. त्याच सुमारास कॅरेल यात्रेकरूंच्या गाडीबरोबर डॉक्टर म्हणून लूर्द या तीर्थक्षेत्री गेले. पोटाच्या क्षयाने मरणोन्मुख झालेली एक तरुणी तेथे त्यांच्या डोळ्यांदेखत बरी होऊ लागली. जे पाहिले ते त्यांनी सांगितले, मात्र चमत्कार म्हणून शिक्कामोर्तब केले नाही. परिणामी देवभोळ्यांना ते संशयी वाटले आणि विद्यापीठातील बुद्धिवाद्यांना अंधश्रद्ध. विद्यापीठात शल्यचिकित्सकाची कायम जागा मिळण्याची आशा मावळली. १९०४ मध्ये त्यांनी देश सोडून कॅनडा गाठला. वैद्यक सोडून गुरांचे कुरण चालवावे, असाही विचार त्यांच्या मनात होता. तो बेत बारगळला आणि ते शिकागोला पोहोचले.

शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांना चार्ल्स गथ्री हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सहकारी म्हणून लाभले. या दोघांनी दोन वर्षांच्या आत जे काम केले, ते पुढच्या शंभर वर्षांच्या रक्तवाहिनी-शल्यचिकित्सेचा पाया ठरले. त्यांनी कुत्र्याच्या मानेतील धमनीचा तुकडा काढून त्या जागी शिरेचा तुकडा बसवला. धमनी आणि शीर एकमेकींना जोडून पायातील रक्ताभिसरण उलट्या दिशेने वाहवले. मूत्रपिंड मानेत बसवून पाहिले.

यातील एक निरीक्षण आज विशेष मोलाचे ठरते. आपल्याकडच्या जुन्या शालेय पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणत. रोहिणीची भिंत जाड व लवचीक, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब तिला सोसावा लागतो. नीलेची भिंत पातळ, कारण तिच्यातून रक्त संथपणे परतत असते. मग नीलेला रोहिणीच्या जागी बसवले तर ती फुटणार नाही का? कॅरेल आणि गथ्री यांना आढळले, की ती फुटत नाही. नव्या दाबाखाली तिची भिंत जाड होऊ लागते. शीर जणू धमनीचा धर्म स्वीकारते. बसवलेले तुकडे काही काळाने बाहेर काढून, त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर हा बदल स्पष्ट दिसत होता. शिरेच्या ऊतीकडे पाहून तिचे पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्याची ही सुरुवात म्हणता येईल.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने कॅरेल यांना बोलावून घेतले. तेथे त्यांनी आपल्या कल्पनेप्रमाणे शस्त्रक्रियागृह उभारले. डोळ्यांवर झळाळी येऊ नये म्हणून तेथे काळा रंग वापरला होता. शल्यविशारद आणि मदतनीस काळे झगे घालून काम करीत. पाहणाऱ्यांना हा प्रकार गूढ वाटे आणि कॅरेल यांनाही तो गूढपणा अप्रिय नसावा.

मार्च १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाच्या घरी जन्मलेली मुलगी रक्तस्रावाने अखेरच्या घटका मोजत होती. कॅरेल यांना बोलावणे आले. त्यांच्याकडे त्या राज्यात माणसांवर उपचार करण्याचा परवाना नव्हता. आजवर त्यांचे सारे काम प्राण्यांवरच झाले होते. त्यांनी वडिलांच्या मनगटातील धमनी उघडली, अर्भकाच्या पायातील शीर उघडली आणि दोन्ही एकमेकींना शिवल्या. अर्भकाची ती शीर किती बारीक असेल, याची कल्पना केलेली बरी. पित्याचे रक्त मुलीच्या शरीरात वाहू लागले, तिच्या पांढऱ्याफटक त्वचेवर लाली चढली आणि ती वाचली. रक्तगटांचा शोध १९०१ सालीच लागला असला तरी रक्त देताना ते जुळवून पाहण्याची पद्धत अद्याप रुळलेली नव्हती. म्हणजे या यशात नशिबाचाही वाटा होता. मनगटातील धमनी शिरेला जोडण्याची ही कृती साठ वर्षांनी वेगळ्याच कारणासाठी जगभर केली जाणार होती.

१९१२ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कॅरेल यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत केलेल्या कामासाठी या विषयातले नोबेल मिळण्याची ही पहिलीच वेळ. गथ्री यांना त्यात वाटा मिळाला नाही आणि ही सल त्यांच्या मनात कायम राहिली. ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही.

मूत्रपिंड रोपणाच्या बाबतीत कॅरेल यांनी तेव्हाच एक मर्यादा ओळखली होती. कुत्र्याचे स्वतःचेच मूत्रपिंड काढून परत बसवले तर ते दीर्घकाळ काम करते. दुसऱ्या कुत्र्याचे बसवले तर शिलाई निर्दोष असूनही काही काळाने ते निकामी होते. शिलाईचा प्रश्न सुटला होता, शरीराने परके ओळखण्याचा प्रश्न सुटायचा होता. तो सुटेपर्यंत अर्धशतक उलटावे लागले.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते फ्रान्समध्ये होते. काँपियेन येथील इस्पितळात हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने जखमा नळ्यांवाटे ठराविक वेळाने धुण्याची पद्धत बसवली. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात या पद्धतीने अनेकांचे हातपाय कापले जाण्यापासून वाचले. जखम केव्हा शिवायची हे कॅरेल अंदाजाने ठरवीत नसत. जखमेतील द्रवाचा नमुना घेऊन त्यातील जंतू मोजत, त्यांचा आलेख काढत आणि संख्या पुरेशी खाली आल्यावरच टाके घालत. त्यांचे सहकारी लकोंत द्यु नुई यांनी तर जखम भरून येण्याच्या वेगाचे गणिती सूत्रच मांडले.

मोजमापाचा हा आग्रह सर्वत्र टिकला नाही. जानेवारी १९१२ मध्ये त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा कण काचपात्रात वाढवण्यास सुरुवात केली. त्या पेशी वर्षानुवर्षे वाढत राहिल्या, वृत्तपत्रे दरवर्षी त्यांचा वाढदिवस साजरा करू लागली आणि पेशी मुळात अमर असतात हा समज शास्त्रात पक्का झाला. हे संवर्धन १९४६ पर्यंत, म्हणजे खुद्द कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही, चालू होते. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले, की सामान्य मानवी पेशी ठराविक वेळाच विभागतात आणि मग थांबतात. कॅरेल यांचा प्रयोग पुन्हा कुणालाच जमला नाही. पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्कातून नव्या पेशी नकळत आत जात असाव्यात, असा तर्क आता केला जातो. एका थोर माणसाच्या शब्दाखातर शास्त्र जवळजवळ अर्धशतक चुकीच्या वाटेने चालले.

१९३० च्या दशकात अटलांटिक एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग त्यांच्या प्रयोगशाळेत आले. मेहुणीच्या हृदयविकाराने लिंडबर्ग यांच्या मनात एक यंत्रज्ञाचा प्रश्न उभा केला होता: हृदय थांबवून दुरुस्त का करता येऊ नये? दोघांनी मिळून काचेचा एक पंप तयार केला. शरीराबाहेर काढलेला अवयव त्यात निर्जंतुक अवस्थेत काही काळ जिवंत ठेवता येई. १९३५ मध्ये हा पंप जगासमोर आला.

त्याच वर्षी कॅरेल यांचे ‘मॅन, द अननोन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या प्रती हातोहात खपल्या. प्रयोगशाळेतील काटेकोर माणूस या पुस्तकात सापडत नाही. समाजाची उभारणी जीवशास्त्रीय श्रेष्ठतेवर व्हावी, दुर्बळांच्या पोटी दुर्बळ जन्मू नयेत असा विचार त्यात आहे. गंभीर गुन्हेगार आणि गुन्हे करणारे मनोरुग्ण यांना योग्य वायू सोडून मृत्यू द्यावा, अशीही सूचना आहे. जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी तेथील नाझी राजवटीच्या या दिशेने चाललेल्या उपायांची प्रशंसा केली. त्या काळी युरोप-अमेरिकेतील अनेक सुशिक्षितांचे विचार याच वळणाचे होते, हे सांगून त्यांचा बचाव केला जातो. परंतु त्या अनेकांपैकी फार थोड्यांकडे नोबेल विजेत्याचा अधिकार होता.

वयोमर्यादेमुळे १९३९ मध्ये ते रॉकफेलर संस्थेतून निवृत्त झाले. १९४१ मध्ये, फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली असताना, ते मायदेशी परतले आणि व्हिशी सरकारच्या पाठबळावर मानवी प्रश्नांच्या अभ्यासासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले, तेव्हा त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि शत्रूशी हातमिळवणी केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. खटला उभा राहण्यापूर्वीच ५ नोव्हेंबर १९४४ रोजी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील सेंट-गिल्डास या त्यांच्या आवडत्या बेटावर त्यांचे दफन झाले. त्यांच्या नावाचे रस्ते फ्रान्समध्ये अनेक शहरांत होते. १९९० च्या दशकात त्यांतील पुष्कळांची नावे बदलण्यात आली. लिऑनच्या ज्या वैद्यकीय विद्याशाखेला त्यांचे नाव होते, तिला १९९६ मध्ये स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांचे नाव देण्यात आले.

कॅरेल पॅरिसमध्ये प्रतिष्ठानाच्या कारभारात गुंतले होते, त्याच काळात जर्मनव्याप्त हॉलंडमधील कांपेन या छोट्या गावात विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड चालवून पाहत होता. १९४५ मध्ये त्या यंत्राने पहिला रुग्ण वाचला. अडचण होती ती रक्त बाहेर काढून परत आत सोडण्याची. प्रत्येक वेळी एक धमनी आणि एक शीर कापावी लागे आणि ती पुन्हा वापरता येत नसे. थोड्याच खेपांत रुग्णाच्या अंगावरच्या वाहिन्या संपत. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची बसवता येणारी टेफ्लॉनची नळी आणली. तिच्यात जंतुसंसर्ग होई, गुठळ्या होत. अखेर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या इस्पितळात ब्रेशिया, चिमिनो, अपेल आणि हर्विच यांनी परकी नळी टाकून दिली. त्यांनी रुग्णाच्याच मनगटातील धमनी त्याच्याच शेजारच्या शिरेला शिवली. पहिली शस्त्रक्रिया १९६५ मध्ये झाली आणि १९६६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हीच ती फिस्च्युला. डायलिसिसवरच्या माणसाच्या हातावर बोटे ठेवली की जी थरथर जाणवते, ती धमनीतून शिरेत घुसणाऱ्या रक्ताची. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही आणि त्यातून तपासणीसाठी रक्त काढायचे नाही, हे अशा प्रत्येक घरातल्या माणसांना पाठ असते.

कॅरेल आणि गथ्री यांनी कुत्र्याच्या शिरेत जे पाहिले, ते येथे रुग्णाच्या हातात घडावे लागते. दोन-तीन मिलिमीटर व्यासाची शीर धमनीच्या दाबाखाली फुगली पाहिजे, तिची भिंत सुया टोचून घेण्याइतकी भक्कम झाली पाहिजे. डॉक्टरांचा ढोबळ हिशेब सहाच्या आकड्यात बांधलेला आहे: साधारण सहा आठवड्यांत शीर सहा मिलिमीटर रुंद व्हावी, त्वचेखाली सहा मिलिमीटरपेक्षा खोल नसावी आणि तिच्यातून मिनिटाला सहाशे मिलिलिटर रक्त वाहावे. पुष्कळांच्या बाबतीत हे घडत नाही. अनेक पाहण्यांत तीनपैकी एक किंवा त्याहून अधिक फिस्च्युला मदतीवाचून कामाला येत नाहीत असे दिसले आहे. मग मानेत किंवा छातीत नळी बसवून डायलिसिस चालू ठेवावे लागते. त्या नळीतून जंतू थेट रक्तात शिरतात आणि ही वाट कित्येकांच्या जिवावर बेतते.

म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेचा एक छोटा तुकडा बाजूला काढून तो तपासण्याचे काम गेल्या दोन दशकांत विशेषतः अमेरिकेत झाले आहे. ऊतीचे काप रंगवून अस्तराची जाडी, मधल्या थरातील स्नायूपेशी, तंतूंचे प्रमाण, क्षाराचे थर मोजले जातात. अस्तर आधीच जाड झालेली शीर पुढे बंद पडणार, असा सुरुवातीचा अंदाज होता. तो खरा ठरला नाही. अस्तर जाड असलेल्या शिराही चांगल्या वाढताना दिसल्या. त्यानंतर लक्ष गेले मधल्या थराकडे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, वाढते वय यांनी तो थर तंतुमय आणि ताठर झालेला असला, तर दाब येऊनही शीर रुंदावत नाही. अशा ताठर भिंतीच्या आत शस्त्रक्रियेनंतर अस्तरही वाढू लागले, तर रक्ताला वाटच उरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की फिस्च्युला फसण्याची शक्यता वाढते, असे या तपासण्यांतून पुढे आले आहे. कॅरेल यांच्या प्रयोगातील कुत्री निरोगी होती. त्यांच्या शिरा ताणल्या जाऊ शकत होत्या आणि म्हणूनच त्यांच्यात भिंतीचे जाड होणे हे बळ ठरले.

रोजच्या व्यवहारात अशी तपासणी अजून आलेली नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफीने शिरेचा व्यास मोजणे आणि अनुभवी बोटांनी ती चाचपणे, यांवरच बहुतेक ठिकाणी निर्णय होतो. शिवाय ऊतीचा तुकडा हाती येतो तो शीर कापल्यावर, म्हणजे हात निवडून झाल्यावर. त्यातून मिळणाऱ्या माहितीचा उपयोग कोणत्या रुग्णाच्या फिस्च्युलावर अधिक बारीक लक्ष ठेवायचे, कुणाची सोनोग्राफी लवकर करायची आणि कुणाच्या बाबतीत फुग्याने शीर रुंदावण्याची तयारी आधीच ठेवायची हे ठरवण्यासाठी होऊ शकेल.